हिरव्या लुगड्यातली म्हातारी

बबनराव भोयरांची गाडी पेट्रोल पीत नव्हती, नुसतं हुंगत होती. हे बबनरावांचंच म्हणणं. पाटबंधारे खात्याच्या वर्ध्याच्या कचेरीत ते आरेखक होते, म्हणजे कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीत गाडी घेतल्यापासून कचेरीतलं एकही टेबल असं उरलं नव्हतं, जिथं उभं राहून त्यांनी हे सांगितलं नव्हतं. गाडी जुनी होती. नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरनं चार वर्षं वापरून विकलेली, दुधी रंगाची, लहानशी, मागचं दार संदुकीच्या झाकणासारखं वर उघडणारी. पिपरी मेघेच्या त्यांच्या गल्लीत लोक तिला साबणदानी म्हणत. बबनरावांना त्याचं काही वाटत नसे. तुमच्या मोठ्या गाड्यांना वास पुरतो का, एवढंच ते विचारत. गल्लीत दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळे उत्तर येत नसे.

जुन्या गाडीला जपावं लागतं, आणि बबनराव जपत. रविवारी सकाळी लुंगी गुडघ्यावर खोचून ते तिला आंघोळ घालत. प्लग काढून दात घासायच्या ब्रशानं घासत. मग बॉनेटमध्ये डोकं घालून तासभर तसेच वाकून राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, गाडीनं माणूस अर्धा गिळला आहे. लीलाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणत की लग्नाला बावीस वर्षं झाली, पण एवढं निरखून त्यांनी मला एकदाही पाहिलं नाही.

एवढं जपूनही संक्रांतीच्या सुमारास गाडीचा सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला जागं करणारा भाग. गुलाब मिस्त्रीनं तो काढून पाहिला, हातात उलटापालटा केला आणि सामान नागपूरहून येईल, कधी ते सांगता येत नाही, असं सांगितलं. तोवर धक्का मारून सुरू करा म्हणाला. शिवाय गाडीला आणखी एक खोड लागली होती. पायाखालचा वेगाचा खटका दाबून धरला तरच इंजिन चाले. पाय उचलला की दोनदा खोकून बंद पडे. म्हणजे एकदा सुरू झालेली गाडी थांबवायची नाही, आणि थांबवली तर पाय काढायचा नाही, असा सगळा मामला होता.

दुसरा माणूस खचला असता. बबनरावांनी यावर उतार हा उपाय शोधून काढला. जमिनीचे चढउतार कागदावर उतरवण्यात त्यांची हयात गेली होती. वर्ध्यात कुठं किती उतार आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. गाडी ते नेहमी उतारावर तोंड करून उभी करत. दगड काढला, गाडी घरंगळली, गिअर टाकला, की इंजिन सुरू. कोणाची मदत नाही, कोणाचे उपकार नाहीत. फक्त एवढं झालं की ज्यांच्या दारापुढे उतार नव्हता अशा नातेवाइकांकडे जाणं बंद झालं. मावसभावाच्या घरापुढची जमीन टेबलासारखी सपाट होती. तो बिचारा अजून विचार करत होता की आपलं काय चुकलं.

अशात देवकाबाई यायला तयार झाल्या.

देवकाबाई म्हणजे लीलाबाईंची आई. राहायच्या गिरडजवळच्या एका खेड्यात, मुलाकडे. गेली सहा वर्षं त्यांनी लेकीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि त्याला कारण बबनराव होते. सहा वर्षांपूर्वी त्या एकट्याच वर्ध्याला आल्या होत्या. बबनरावांनी स्कूटर घेऊन एस. टी. स्टँडवर त्यांना घ्यायला जायचं ठरलं होतं. ते गेलेच नाहीत. देवकाबाई सोबत आणलेली ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन चार तास बाकावर बसल्या, मग उठून शेंगा शेजारच्या बाईला दिल्या आणि शेवटच्या गाडीनं परत गेल्या. ऐनवेळी साहेबांनी कामाला थांबवून घेतलं, असं बबनरावांनी नंतर सांगितलं. देवकाबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या भांडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. यायच्या तेवढ्या बंद झाल्या. लीलाबाई दर दिवाळीला पत्र लिहीत, आणि दर दिवाळीला उत्तर येई की यंदा कापसाचं काम आहे.

या वर्षी मात्र लीलाबाईंनी लिहिलं की केळझरच्या गणपतीला माघी चतुर्थीला जायचं आहे, घरची गाडी आहे, हे स्वतः घ्यायला येतील. उत्तर आलं, दोन दिवसांसाठी येते. पत्र वाचून लीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आल्या. बबनरावांना म्हणाल्या, “या बारीनं काई झालं ना, तं मीच जाईन तिच्यासंगं.”

बबनराव हसले नाहीत. त्यांना माहीत होतं की ती खरंच जाईल.

आदल्या दिवशी गिरडचा फेरा बिनबोभाट पार पडला. देवकाबाईंच्या मुलाचं घर टेकाडावर होतं, ही गणपतीचीच कृपा. देवकाबाई मागच्या सीटवर बसल्या, हिरव्या लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बबनरावांनी वाटेत चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. मामी, वारा लागतो का? मामी, पाणी पाहिजे का? देवकाबाई पुढं बसलेल्या लेकीला सांगत, सांग त्याईले, नाई पाह्यजे. मधे लेक बसवून त्या जावयाशी बोलत होत्या, जशी काही दोन देशांची बोलणी चालली होती.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी ते केळझरला पोचले. मंदिर टेकडीवर. पायथ्याजवळचा एक झकास उतार बबनरावांनी आठ दिवस आधी येऊन हेरून ठेवला होता. पण तिथं आज खेळण्यांची आणि रेवड्यांची दुकानं लागली होती, आणि बाबाराव नावाचे एक स्वयंसेवक शिट्टी वाजवत सगळ्या गाड्या बाजूच्या वावरात घालत होते. कापूस उपटून मोकळं झालेलं वावर, सपाट. बबनरावांनी त्यांना समजावून पाहिलं की माझ्या गाडीला उतार लागतो. बाबाराव म्हणाले, गाडीले रस्ता लागते, उतार तं पाण्याले लागते. आणि शिट्टी वाजवली.

दर्शन झालं. गर्दी असूनही छान झालं. उतरताना देवकाबाईंनी लेकीच्या हाताचा आधार घेतला, आणि एका पायरीवर लेक लांब होती तेव्हा, क्षणभरच, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. बबनरावांचा तो खांदा नंतर बराच वेळ शर्टाच्या आत हलका वाटत राहिला. आता घरी जाऊन दुपारी निवांत बोलावं, काय ते एकदा सांगून टाकावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

खाली आल्यावर त्यांनी बाबारावांना गाठलं आणि गाडीची सगळी कुंडली सांगितली. बाबाराव मनानं चांगले होते. त्यांनी शिट्टी वाजवून सहा तगडे स्वयंसेवक गोळा केले. बबनरावांनी आपली योजना समजावली. लीलाबाई आधीच पुढच्या सीटवर बसतील. तुम्ही ढकला. गाडी सुरू झाली की मी थांबणार नाही, वावरातच हळूहळू गोल फिरवीन. मागचं उजवं दार उघडं राहील. फिरत आलो की म्हातारीला अलगद आत बसवा, दार लावा आणि गाडीवर थाप मारा. थाप ऐकली की मी रस्त्याला लागतो.

“कोनती म्हातारी?” बाबारावांनी विचारलं.

“थे काय, हिरव्या लुगड्यातली.”

देवकाबाई बाभळीखाली उभ्या होत्या. योजना त्यांना पसंत नव्हती, पण जावयाच्या कारभारात बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता. त्यांनी फक्त पदर तोंडावर ओढून घेतला.

सहाजणांनी गाडी ढकलली. पहिल्या दमात ती नुसती हलली, दुसऱ्यात घुरघुरली आणि तिसऱ्यात जागी झाली. वावरातली सगळी धूळ उठली. बबनरावांनी एक फेरी घेतली, दुसरी घेतली. समोरचं काही दिसत नव्हतं. लीलाबाई पदरानं तोंड झाकून खोकत होत्या. तिसऱ्या फेरीला मागं झटापट झाली, सीट दबली, कोणीतरी “बसली, बसली” म्हणालं आणि गाडीच्या टपावर थाप पडली. बबनराव वावरातून निघाले ते थेट सेलूच्या रस्त्याला लागले.

त्या धुळीत दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे देवकाबाई नाकात धूळ जाते म्हणून बाभळीखालून निघून बाजूच्या पाणपोईवर गेल्या होत्या. दुसरी म्हणजे त्याच बाभळीखाली दुसरी एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. तिचंही लुगडं हिरवं होतं.

ही गोष्ट बबनरावांना ठाऊक नव्हती. ते खुशीत होते. योजना कागदावर काढावी तशी पार पडली होती. ऊन छान पडलं होतं, गाडी गुणगुणत होती, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. समोरून कापसाच्या बैलगाड्या येत होत्या आणि त्यांच्यामधून साबणदानी चिमणीसारखी निसटत होती. खांद्यावरचा तो हात अजून त्यांच्या ध्यानात होता. दुपारपर्यंत कशाला थांबायचं, असं त्यांना वाटलं. गाडी चालवताना एक बरं असतं. माणसाला समोरच पाहावं लागतं.

“मामी,” ते म्हणाले, “मले तुमच्याशी एक बोलाचं हाय.”

 उत्तर येणार नाही हे त्यांनी धरलंच होतं.

मग ते बोलत गेले. सहा वर्षांपूर्वी तुम्ही स्टँडवर बसून राहिल्या तेव्हा मला साहेबांनी थांबवलं नव्हतं. साहेब त्या दिवशी गावातच नव्हते. आम्ही चौघं कचेरीत कॅरम खेळत होतो. तीन वाजता उठायचं म्हणत होतो आणि एक एक डाव वाढत गेला. घड्याळ पाहिलं तेव्हा साडेसात झाले होते. धावत स्टँडवर गेलो तर बाकावर तुम्ही नव्हत्या. खाली तुरीची दोन पानं पडली होती. ती पानं मला अजून दिसतात. खोटं बोललो ते भीतीनं बोललो, आणि एकदा बोलल्यावर परत घेता आलं नाही. सहा वर्षं लीला दिवाळीला पत्र लिहिते आणि मी पेटीत टाकायला जातो. प्रत्येक वेळी वाटतं की यात आपणही दोन ओळी लिहाव्या. हिंमत झाली नाही.

बोलता बोलता त्यांनी बाहीनं डोळे पुसले. लीलाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कॅरमचं त्यांनाही आजच कळत होतं. त्या काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“जाऊ दे बापू. होते मानसाच्या हातून. आता रडू नोको, गाडी पाह्यजो.”

बबनरावांना इतकं मोकळं वाटलं की त्यांचा पाय नकळत दाबला गेला आणि गाडी उडाली. लीलाबाईंचा चेहरा मात्र वेगळाच झाला होता. त्या हळूहळू मागं वळल्या. मग तशाच हळूहळू पुढं वळल्या आणि हात मांडीवर ठेवून समोर पाहत म्हणाल्या, “ही आई नाई.”

“म्हंजे?”

“म्हंजे दुसरी कोनी हाय.”

गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन परत मध्ये आली. मागं बसलेली म्हातारी शांत होती. तिनं पदर मागं सारला होता. चेहरा सुरकुतलेला, कपाळावर गोंदण, आणि गाडीत बसायची हौस डोळ्यांत नुसती मावत नव्हती. लीलाबाईंनी विचारपूस केली. तिचं नाव धुरपता. हिंगणीकडच्या जंगलातल्या एका गोंडांच्या पाड्यावर राहणारी. मुलगा पुनाजी जंगलखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. दोघं दर्शनाला आली होती आणि आता सेलूला लेकीकडे जायचं होतं. पुनाजी म्हणाला, तू त्या बाभळीखाली थांब, मी गाडी पाहून येतो. ती थांबली. थोड्या वेळानं सहा माणसांनी तिला मोठ्या मानानं उचलून गाडीत बसवलं. तिला वाटलं, पोरानं मायसाठी काय गाडी केली आहे. तो कुठं दिसत नव्हता, पण टपावर बसला असेल असं तिनं धरलं होतं.

“पुनाजी नाई का वरते?” तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात काळजी आली.

 लीलाबाईंनी बबनरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात एस. टी. स्टँड, कॅरम, बाभूळ आणि बावीस वर्षांचा संसार असं सगळंच होतं. बबनरावांच्या मनात आलं: एकदा विसरलो ते विसरलो. आता सासूच्या डोळ्यांदेखत दुसरीच बाई गाडीत घालून पळालो. आणि हिच्या पोराचं तिकडं काय झालं असेल?

गाडी वळवायला हवी होती. पण तेवढ्या रस्त्यावर थांबून, मागं घेऊन, पुढं घेऊन वळवायचं म्हणजे इंजिन बंद पडणार, आणि इथं ढकलायला होत्या दोन बायका. बबनरावांना गोल फिरता येईल एवढी मोकळी जागा हवी होती. सेलूच्या अलीकडे एक जिनिंगचा कारखाना लागला. फाटक उघडं होतं, आत कापसाच्या गाड्यांची रांग होती. बबनरावांनी सरळ आत गाडी घातली. फाटकावरच्या चौकीदारानं नंबराची चिठ्ठी मागितली. बबनराव खिडकीतून म्हणाले, सासू राह्यली, आणि पुढं गेले. कापसाच्या पांढऱ्या ढिगाला एक मोठा वळसा घातला, दोन बैल बिथरवले, कापूस तोलणाऱ्या माणसाला ढिगावर चढवलं आणि त्याच फाटकातून बाहेर पडले. चौकीदार तिथंच हात पुढं करून उभा होता. धुरपताबाईनं त्याला खिडकीतून रामराम केला.

परतीचे सहा मैल बबनरावांनी कसे काटले ते त्यांनाच माहीत. मनात एकच चित्र येत होतं. बाभळीखाली कोणी नाही, आणि बाजूनं गिरडकडे जाणारी एस. टी. धूळ उडवत निघून चालली आहे. लीलाबाईंनी डोळे मिटून हात जोडले होते. धुरपताबाई मागून दोघांना धीर देत होती. पुनाजी शहाणा आहे, तो कुठं जायचा नाही, असं ती सांगे, आणि लगेच खिडकीतून पुढं वाकून रस्ता पाही.

केळझर जवळ आलं तसा टेकडीवरच्या भोंग्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आधी आरती होती. ती मधेच थांबली. मग बाबारावांचा आवाज आला, शिट्टीसारखाच खणखणीत.

“पिपरी मेघेचे बबनराव भोयर जिथं असतील तिथून त्याईनं नेलेली म्हातारी परत आनून द्यावी, अन् स्वताची घेऊन जावी. पाटबंधारे खात्याचे बबनराव भोयर…”

सगळी जत्रा ऐकत होती. रेवडीच्या दुकानापाशी कचेरीतले हेडक्लार्क सहकुटुंब उभे होते. साबणदानी आत शिरताना पाहून त्यांनी हातातली रेवडी तशीच तोंडापाशी धरून ठेवली. बबनरावांना मात्र त्याची लाज वाटली नाही. त्यांना त्या घोषणेतला एकच शब्द ऐकू आला होता. स्वताची. म्हणजे त्या आहेत. गेल्या नाहीत.

देवकाबाई पाणपोईच्या ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी एक तरणाताठा माणूस डोक्याला हात लावून बसला होता. तो पुनाजी. जीप ठरवून आला तर बाभळीखाली आई नाही. सहा माणसांनी तिला उचलून गाडीत घातलं आणि गाडी पळाली, एवढं कोणीतरी त्याला सांगितलं. तो पोलिसाकडे धावत निघाला होता. देवकाबाईंनी त्याला हाताला धरून बसवलं. तुह्या मायले माह्या जवायानं नेलं, त्या म्हणाल्या, चोर नाई तो, वेंधळा हाय; येईन परत. भोंग्यावर सांगायची युक्तीही त्यांचीच.

बबनरावांनी गाडी वावरात आणली आणि हातब्रेक ओढला. पण पाय काढता येईना. त्यांनी लीलाबाईंना खाली वाकून हातानं तो पायाखालचा खटका दाबून धरायला सांगितलं. लीलाबाई सीटवरून वाकल्या, हातानं खटका दाबला, आणि बबनराव उतरले. इंजिन चालू राहिलं.

धुरपताबाईला पाहून पुनाजी उठला. दोघं आपल्या भाषेत काय बोलली ते बबनरावांना कळलं नाही. पण तो आईच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवून पाहत होता आणि ती त्याला दटावत होती, एवढं कोणालाही कळलं असतं. बबनराव त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. पुनाजीनं आधी त्यांच्याकडे रागानंच पाहिलं. मग आईकडे पाहिलं, आणि आई हसत होती, म्हणून त्याचाही राग उतरला. मायची हौस फिटली म्हणाला, आता ती वर्षभर सगळ्या पाड्याले सांगत राहीन.

आता बबनराव वळले. देवकाबाई ओट्यावरून उठल्या नव्हत्या. बबनरावांना वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागणार. आणि तेच नेमकं जमेना.  मागं इंजिन घुरघुरत होतं.

तेवढ्यात धुरपताबाई देवकाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. दोघी हिरव्या लुगड्यांत बहिणींसारख्या दिसत होत्या.

“तुहा जवाई चांगला हाय, बाई,” ती म्हणाली. “मले सारं सांगतलं त्यानं. क्यारम खेयत होता म्हने थ्या दिवशी. तुह्या बाकाखाली तुरीची पानं पाह्यली अन् त्याचा जीव तुटला. सांगता सांगता रडला बापा. मी म्हनलं जाऊ दे.”

देवकाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये लेकीला न घालता, सरळ त्यांच्याशी बोलल्या.

“तुमाले सहा वर्षांत मले सांगता आलं नाई, अन् इले सहा मैलांत सांगून टाकलं?”

बबनराव ओट्याजवळ सरकले.

“मले सांगा. माह्या तोंडावर सांगा.”

त्याच क्षणी गाडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. सगळीकडे शांत झालं. बबनरावांनी दचकून मागं पाहिलं. लीलाबाई खटका सोडून सरळ बसल्या होत्या आणि खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होत्या. ते शब्द त्यांना नीट ऐकायचे होते; इंजिनाची मग कोणाला पडली होती.

गाडी तर गेलीच. आता घाई कशाची नव्हती. बबनराव ओट्यापाशी खाली मातीत बसले आणि बोलले. या वेळी थोडंच बोलले. “चुकलो मामी. खेयत होतो, अन् खोटं बोललो. तुमी बाकावर बसून होत्या, अन् मी खेयत होतो.”

 पाणपोईच्या रांजणाला कोणीतरी पेला लावला त्याचा आवाज आला.

“मंग,” देवकाबाईंनी विचारलं, “जितले का हारले?”

“हारलो,” बबनराव म्हणाले.

“बरं झालं,” देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. आधी धुरपताबाई हसली, मग पुनाजी, मग गाडीत बसलेल्या लीलाबाई हसता हसता रडू लागल्या. बबनरावांना आपल्या अंगातून काहीतरी गळून पडल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं हातब्रेक ओढून गाडी चालवत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं.

महाप्रसादाची पंगत बसत होती. बाबारावांनी पाचही जणांना तिकडं हाकललं. पुनाजीनं ठरवलेली जीप एव्हाना निघून गेली होती, तेव्हा मायलेकांना सेलूपर्यंत आपणच सोडायचं असं ठरलं. वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. देवकाबाई आणि धुरपताबाई शेजारी बसल्या आणि गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलल्या. जावई उपाशी दिसते, त्याले बुंदी वाढ, असं देवकाबाईंनी वाढणाऱ्याला तीनदा सांगितलं. बबनरावांनी तिन्ही वेळा घेतली.

परत निघताना बबनरावांनी गाडी ढकलण्याआधीच सगळ्यांना आत बसवलं. एक एक चेहरा पदर बाजूला करायला लावून पाहिला. सहाजण आता पाच माणसांची गाडी ढकलत होते, त्यामुळे बाबारावांनी आणखी चौघांना शिट्टी मारली. सेलूला नाल्याच्या पुलाजवळ चांगला उतार होता. तिथं मायलेकं उतरली. धुरपताबाईनं देवकाबाईंना पाड्यावर मोहफुलांच्या दिवसांत यायचं निमंत्रण दिलं आणि गाडी घेऊनच या म्हणाली. त्यानंतर वर्ध्यापर्यंत दर मैलाला बबनराव समोर पाहत विचारत, मामी, हायेत ना? आणि मागून उत्तर येई, हाओ बापू, हाओ, कुठी जातो मी.

घराजवळच्या उतारावर त्यांनी गाडी लावली, चाकाखाली दगड सरकवला. लीलाबाई आईला धरून आत घेऊन गेल्या. आदल्या रात्री पाहुणीसारखा ओलांडलेला उंबरा देवकाबाईंनी आज घरच्यासारखा ओलांडला. बबनराव त्यांच्या मागोमाग थंड फरशीवर पाय ठेवून आत आले आणि तिथंच थबकले.

पायांत चपला नव्हत्या. पंगतीला बसताना काढल्या होत्या. केळझरहून वर्ध्यापर्यंत ते अनवाणी गाडी चालवत आले होते, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

देवकाबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. बाजेवर मांडी घालून त्या ऐसपैस बसल्या.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “फागुनातल्या चवथीले जाऊच ना आपन परत, तवा घेऊन येऊ.”

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. देवकाबाई एक पिशवी घेऊन दोन दिवसांसाठी आल्या होत्या. बबनरावांनी मनातल्या मनात तिथी मोजल्या, एक महिना भरला, आणि ते मोरीवर पाय धुवायला गेले.